विसरण्याची हमी

यंत्राच्या एका भागाला 'स्मृती' हे नाव कोणी आणि का दिले, हा प्रश्न अभियांत्रिकीच्या वर्गात सहसा विचारला जात नाही. साहित्याच्या वर्गात तो विचारायला हरकत नसावी. चार्ल्स बॅबेज याने एकोणिसाव्या शतकात आपल्या विश्लेषक यंत्राचा आराखडा मांडला, तेव्हा आकडे ठेवण्याच्या जागेला त्याने 'स्टोअर' म्हटले आणि आकडेमोड करणाऱ्या भागाला 'मिल'. एकीकडे कोठार आणि दुसरीकडे गिरणी, अशी ही कारखान्याच्या आवारातून उचललेली नावे होती. पुढे १९४५ साली जॉन फॉन नॉयमन याने एडव्हॅक या नियोजित यंत्राविषयी एक टिपण लिहिले. त्यात त्याने यंत्राच्या भागांना 'अवयव' म्हटले, मेंदूतील चेतापेशींशी त्यांचे साम्य दाखवले आणि कोठाराच्या जागी 'मेमरी' हा शब्द योजला. ब्रिटिश अभियंते त्यानंतरही बराच काळ 'स्टोअर'च म्हणत राहिले. परंतु जगाच्या तोंडी बसला तो फॉन नॉयमनचा शब्द, आणि मराठीतही आपण कोठार न म्हणता स्मृती म्हणू लागलो.

हा फरक केवळ नावाचा नाही. कोठारातले धान्य बाहेर काढले की कोठार रिकामे होते, यात संशयाला जागा नसते. स्मृतीचे तसे नाही. हवे तेव्हा आठवत नाही आणि नको ते जाता जात नाही, हा तिचा धर्म आपण सगळेच जाणतो. आमच्या मते फॉन नॉयमनने रूपक निवडले तेव्हा त्या रूपकाच्या पदराला बांधलेली ही अडचणही यंत्राकडे आली. गेल्या पाऊणशेहून अधिक वर्षांत अभियंत्यांनी यंत्राच्या लक्षात ठेवण्याची हमी दिली आणि ती उत्तरोत्तर पक्की करत नेली. विसरण्याची हमी मात्र कोणी दिलेली नव्हती. संगणकातील माहितीच्या सुरक्षिततेचा इतिहास हा बव्हंशी त्या न दिलेल्या हमीचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात तो थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न आहे.

पाठ्यपुस्तके संगणकीय स्मृतीचे दोन प्रकार सांगतात. वीज गेली की जी पुसली जाते ती अस्थायी; वीज गेली तरी जी टिकते ती स्थायी. इंग्रजीत पहिलीला 'व्होलाटाइल' म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी 'उडणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे, आणि रसायनशास्त्रात तो कापरासारख्या उडून जाणाऱ्या पदार्थांना लावला जातो. कापराचे हे साम्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कापूर उडून जातो हे खरे. पण रिकाम्या डबीला त्याचा वास बराच वेळ येत राहतो, हेही तितकेच खरे.

इतिहासक्रम पाहू जाता, आरंभीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांची मुख्य स्मृती उडून जाणारीच होती. २१ जून १९४८ रोजी मँचेस्टर विद्यापीठात एका लहानशा यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठवलेला पहिला कार्यक्रम चालवला. फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी रडारच्या पडद्यासारखी एक काचेची नळी त्यासाठी वापरली होती. तिच्या दर्शनी भागावर विद्युतभाराचे ठिपके उमटत. एक ठिपका म्हणजे एक बिट, म्हणजे केवळ 'हो' किंवा 'नाही' एवढेच सांगणारी खूण. असे १,०२४ ठिपके हीच त्या यंत्राची सगळी आठवण होती. ठिपके क्षणार्धात विरत, म्हणून यंत्राला ते पुनःपुन्हा वाचून पुनःपुन्हा लिहावे लागत. पुढच्या वर्षी, ६ मे १९४९ रोजी, केंब्रिजमध्ये एडसॅक हे यंत्र चालू झाले. त्याची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांत होती. नळीच्या एका टोकाने ध्वनीचे स्पंद सोडायचे, ते दुसऱ्या टोकाला पोहोचले की ऐकायचे, त्यांना बळ द्यायचे आणि पुन्हा पहिल्या टोकाने आत सोडायचे, असा हा अखंड फेरा होता. दोन्ही यंत्रांची रीत शिक्षकांना नवी वाटणार नाही. तिला आपल्याकडे घोकणे म्हणतात. घोकणे थांबले की पाठ गेला.

या घोकंपट्टीतून यंत्राची सुटका केली ती चुंबकाने. १९५३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या व्हर्लविंड या संगणकात जे फॉरेस्टर यांच्या गटाने फेराइटच्या चिमुकल्या कड्यांची स्मृती बसवली. प्रत्येक कडी म्हणजे एक बिट. तिचे चुंबकत्व एका दिशेला असले तर 'हो', उलट दिशेला असले तर 'नाही'. जाळीसारख्या आडव्या-उभ्या तारा या कड्यांतून हाताने ओवाव्या लागत. कारखान्यांत हे काम बहुतेक करून स्त्रिया करीत, आणि त्या काळच्या संगणकाची स्मृती ही अक्षरशः त्यांनी विणलेली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली जो संगणक उभा राहिला आणि १९६२ साली ज्याचे टिफ्रॅक असे नामकरण झाले, त्याचीही मुख्य स्मृती अशाच कड्यांची होती. तीत २,०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा असे. आजच्या युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह साठवायला २४ बिट लागतात. त्या हिशेबाने टिफ्रॅकच्या स्मृतीत आमच्या या लेखाचा चौथा भागही मावला नसता.

कड्यांच्या स्मृतीची दोन वैशिष्ट्ये आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले असे, की तिच्यात वाचणे म्हणजेच पुसणे होते. कडीत काय आहे हे कळण्यासाठी तिचे चुंबकत्व एका ठरलेल्या दिशेला ढकलावे लागे, आणि मग वाचलेली खूण लगेच पुन्हा लिहून ठेवावी लागे. दुसरे वैशिष्ट्य याच्या उलट टोकाचे. वीज बंद केली तरी कड्यांतील चुंबकत्व जागच्या जागी राहत असे. सायंकाळी बंद केलेल्या यंत्राला सकाळी कालचे आठवत असे. ही मोठीच सोय होती. पण ज्या यंत्रावर गुप्त गणिते होत असत तेथे बटण बंद करणे म्हणजे पुसणे नव्हे, हे कायम ध्यानात ठेवावे लागे. कड्या केव्हाच काळाच्या पडद्याआड गेल्या. तरी एखादा कार्यक्रम कोसळला असता त्याची स्मृती जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवून ठेवण्याला अभियंते अजूनही 'कोअर डम्प' म्हणतात. कडी गेली आणि तिचा शब्द उरला.

मुख्य स्मृती अस्थायी आणि साठवण स्थायी, ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी वाटणी त्यानंतरची आहे. आयबीएममधील रॉबर्ट डेनर्ड यांना १९६८ साली एका नव्या स्मृतिपेशीचे पेटंट मिळाले. या पेशीत एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार धरून ठेवणारे एक चिमुकले धारित्र, एवढेच होते. १९७० साली इंटेलने '११०३' ही १,०२४ बिटांची चकती बाजारात आणली आणि पाहता पाहता ओवलेल्या कड्या मागे पडल्या. डीरॅम या नावाने ओळखली जाणारी ही स्मृती स्वस्त होती, आटोपशीर होती आणि वेगवान होती. मात्र तिच्यातला भार गळत असे. म्हणजे यंत्र पुन्हा घोकू लागले. दुसरीकडे चुंबकीय तबकड्यांची साठवण १९५६ सालापासून उपलब्ध होती. आयबीएमच्या रॅमॅक या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर ५० लाख अक्षरे मावत. पुढे १९८० च्या दशकात अभियंत्याच्या वा संशोधकाच्या टेबलावर ठेवायचे स्वतंत्र वर्कस्टेशन आले, तेव्हा त्याच्या पोटात हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. काम करताना लागणारे सगळे रॅममध्ये, आणि जपून ठेवायचे ते हार्ड डिस्कवर. काही वर्कस्टेशनांना तर स्वतःची डिस्कच नसे. त्यांचे सर्व काही जाळ्यातून दूरच्या सर्व्हरवरून येई आणि वीज गेली की टेबलावर काहीच उरत नसे. निदान असे मानले जाई.

येथे एका आकड्याकडे वाचकांचे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. डीरॅमच्या मानकांनुसार प्रत्येक पेशीतील भार साधारणपणे ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरला गेला पाहिजे. म्हणजे आपण एक ओळ टंकलिखित करीत असताना यंत्र आपला सगळा पाठ सेकंदाला पंधरा वेळा घोकत असते. या आकड्यावरून पुष्कळांनी असा समज करून घेतला, की घोकणे थांबल्यावर ६४ मिलिसेकंदांनी सारे पुसले जाते. वस्तुतः मानकाचे वचन एवढेच आहे, की तेवढा वेळ पेशी खात्रीने लक्षात ठेवील. त्यानंतर ती विसरेलच, असे वचन त्यात कोठेही नाही. करारात जे लिहिलेले नाही तेही लिहिले आहे असे समजून वाचणे, हा दोष साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. येथे तो एका संपूर्ण क्षेत्राच्या अंगाशी आला.

२००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील आणि बाहेरील नऊ संशोधकांनी आपला एक निबंध सादर केला. त्याचे नाव 'लेस्ट वी रिमेम्बर'. किपलिंगच्या १८९७ सालच्या एका कवितेचे 'विसर पडू नये' अशा आशयाचे पालुपद उलटे करून ते बनवलेले आहे. संशोधकांनी मोना लिसाचे चित्र रॅममध्ये भरले, वीज तोडली आणि थोड्या थोड्या वेळाने चित्राचे किती उरले आहे ते पाहिले. पाच सेकंदांनंतरचे चित्र मुळाहून वेगळे ओळखू येत नव्हते. तीस सेकंद, साठ सेकंद आणि पाच मिनिटे या टप्प्यांवर ते क्रमाक्रमाने झिजत गेले. रॅम थंड केली तर हा काळ आणखी वाढत होता. धूळ झटकण्यासाठी दुकानात मिळणारा हवेचा डबा उलटा धरून फवारला असता रॅमचे तापमान सुमारे उणे ५० अंश सेल्सिअसपर्यंत उतरत असे, आणि मग दहा मिनिटे विजेवाचून राहूनही शेकडा एका बिटाहूनही कमी हानी होत असे. द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या रॅमने तर एका तासानंतर ०.१७ टक्के एवढेच गमावले होते. कापराच्या डबीचा वास आम्ही वर सांगितला तो हाच.

प्रयोग चित्राचा असला तरी रोख चित्रावर नव्हता. ज्यांना आपल्या डिस्कवरील माहितीची काळजी असे ते ती कूटबद्ध करून ठेवत. त्या कूटाची किल्ली काम चालू असताना रॅममध्ये असते. झोपवलेला, म्हणजे पूर्ण बंद न करता केवळ झाकण मिटलेला, लॅपटॉप चोराच्या हाती पडला, तर त्याला रॅम गोठवून, काढून, दुसऱ्या यंत्रात वाचून ती किल्ली मिळवता येते, हे या संशोधकांनी त्या वेळच्या अनेक प्रचलित कूटप्रणालींवर करून दाखवले. थंडीने डीरॅमची आठवण लांबते हे अभियंत्यांना १९७० च्या दशकापासून ठाऊक होते. तरीही सुरक्षेच्या विचारात ती गोष्ट तीस वर्षे आली नाही, कारण 'अस्थायी' या शब्दाने सर्वांना निश्चिंत केले होते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. स्थायी स्मृतीविषयी लोकांचा समज नेमका उलटा, पण तितकाच भोळा होता: ती टिकते, मात्र आपण पुसली की पुसली जाते. फाइल काढून टाकण्याची आज्ञा दिली असता यंत्र सामान्यतः केवळ तिची नोंद रद्द करते. ग्रंथालयाच्या सूचीतले कार्ड काढून फेकले म्हणून फडताळातले पुस्तक नाहीसे होत नाही, तसेच हे. सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलट या एमआयटीतील दोन संशोधकांनी २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. त्यांपैकी १२९ वाचता आल्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या केवळ १२. उरलेल्यांत पत्रे होती, वैद्यकीय माहिती होती, हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक होते; एक डिस्क तर पैसे देणाऱ्या बँकयंत्रातली होती. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचे शीर्षक प्रूस्तच्या महाकादंबरीच्या जुन्या इंग्रजी शीर्षकावरचा श्लेष आहे, आणि ते शीर्षकही मुळात शेक्सपिअरच्या सुनीतातून घेतलेले. विस्मरणाविषयी लिहू लागले की अभियंत्यांनाही साहित्याच्या दाराशी यावे लागते, असे म्हणण्याचा मोह होतो.

त्याआधी १९९६ साली पीटर गटमन यांनी चुंबकीय माध्यमावरील माहिती नि:शेष पुसण्याविषयी एक निबंध लिहिला होता. त्यात निरनिराळ्या जातींच्या डिस्कसाठी मिळून ३५ वेळा पुनर्लेखनाची एक योजना होती. कोणत्याही एका डिस्कला त्यांतील मोजकीच आवर्तने लागू पडत. परंतु लोकांनी कारण बाजूला ठेवले आणि संख्या उचलली. ३५ आवर्तने हा एक विधी होऊन बसला, आणि आपल्या निबंधाचे जणू मंत्र-तंत्र झाले आहे असे खुद्द गटमन यांनाच पुढे पुरवणी लिहून सांगावे लागले. विसरण्याची हमी हाती नसली की माणसे पारायणाकडे वळतात.

तबकड्यांच्या जागी पुढे फ्लॅश स्मृती आली. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली ती जगापुढे मांडली. तिच्या पेशीत इलेक्ट्रॉन चोहोबाजूंनी निरोधकाच्या भिंती असलेल्या कोठडीत कोंडले जातात आणि म्हणून विजेवाचूनही राहतात. 'फ्लॅश' हे नाव तिला पडले ते पुसण्यावरून. पेशींचा एक संपूर्ण गट एका झटक्यात पुसला जातो हे पाहून मासुओकांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या झगमगाटाची आठवण झाली, असे सांगतात. दैवगती अशी, की पुसण्यावरून नाव मिळालेली ही स्मृती पुसायला सर्वांत अवघड ठरली. तिच्या पेशी पुनःपुन्हा लिहिल्याने झिजतात, म्हणून एसएसडीतील नियंत्रक नवे लेखन दर वेळी वेगळ्या जागी करतो. आपण जुन्या मजकुरावर नवा मजकूर लिहिला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात जुना मजकूर आडबाजूला तसाच पडून असतो. २०११ साली सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले, की एकेकटी फाइल पुसण्याची प्रचलित तंत्रे एसएसडीवर निरुपयोगी आहेत, आणि निर्मात्यांनी स्वतः दिलेली पुसण्याची आज्ञासुद्धा काही उपकरणांत नीट अमलात येत नाही.

आणि तरीही फ्लॅश चिरंजीव नाही. कोंडलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षांत निसटतातच. मानकाची अपेक्षा एवढीच, की वापरून झिजलेल्या साध्या एसएसडीने ३० अंश तापमानात विजेवाचून एक वर्ष माहिती राखावी. म्हणजे जिला आपण अस्थायी म्हणतो ती आपल्या समजुतीपेक्षा अधिक टिकते, आणि जिला स्थायी म्हणतो ती तितकी टिकत नाही. दोहोंत भिंत नाही, उतार आहे.

त्या उतारावर आपल्या टेबलावरच्या यंत्रात कितीतरी गोष्टी वसलेल्या असतात. रॅम अपुरी पडली की यंत्र तिच्यातील मजकूर गुपचूप डिस्कवर नेऊन ठेवते. 'हायबरनेट' ही आज्ञा दिली की संपूर्ण रॅमच डिस्कवर उतरते, आणि उडून जाणारे सारे टिकाऊ होऊन बसते. घड्याळ आणि काही मूळ मांडणी जपणारी एक लहानशी स्मृती जातीने अस्थायी असते. पण बटणासारखा एक सेल तिला वर्षानुवर्षे वीज पुरवत राहतो. याखेरीज यंत्र सुरू करणारी बायॉसची चकती, रॅमच्या पट्टीवर तिची स्वतःची ओळख लिहिलेली चकती, जाळ्याच्या कार्डावरची चकती, असा परिवार आहेच. जेथे गुप्ततेचे काम चालते तेथून एखादे यंत्र दुरुस्तीला वा भंगारात जायचे असेल, तर या परिवाराची शिरगणती आवश्यक ठरते. म्हणून वर्कस्टेशनांचे निर्माते एक दस्तऐवज देतात; त्याला 'स्टेटमेंट ऑफ व्होलाटिलिटी' म्हणतात. एक तक्ता, आणि त्यात यंत्रातील प्रत्येक स्मृतीपुढे ठरावीक प्रश्नांची उत्तरे: वीज गेल्यावर ती टिकते काय, वापरणाऱ्याचा मजकूर तीत शिरू शकतो काय, आणि शिरल्यास ती पुसायची कशी. रुक्ष असला तरी हा दस्तऐवज आम्हांस मोलाचा वाटतो. यंत्राला काय आठवते याचा कबुलीजबाब त्याच्या निर्मात्याकडून लेखी घेण्याचा हा प्रकार आहे. विसरण्याच्या हमीकडे टाकलेले ते पहिले पाऊल.

दुसरे पाऊल कूटलेखनाचे. जे पुसता येत नाही ते मुळातच वाचता येणार नाही असे लिहावे, ही कल्पना मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. पोथी परक्याच्या हाती पडली तरी किल्लीवाचून अर्थ हाती लागत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती किल्ली उलगडली तेव्हा कोठे ते दालन बाहेरच्यांना खुले झाले. त्याच पंथाची परंपरा असेही सांगते, की लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत नाहीशी झाली आणि पुढे शिष्यांच्या पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. टिकाऊ ते गेले आणि घोकलेले राहिले. संगणकाची आजची व्यवस्था या दोन युक्त्यांपैकी पहिलीवर उभी आहे. संपूर्ण डिस्क पहिल्या दिवसापासून कूटबद्ध ठेवायची. पुसण्याची वेळ आली की लक्षावधी पाने पुसत न बसता एक इवलीशी किल्ली नष्ट करायची. अमेरिकेच्या मानके व तंत्रज्ञान संस्थेने माध्यमे निर्धोक करण्याविषयीची आपली मार्गदर्शिका २००६ साली काढली, आणि २०१४ च्या सुधारित आवृत्तीत किल्ली नष्ट करण्याच्या या रीतीला रीतसर स्थान दिले.

पण मग ती किल्ली? काम चालू असताना ती रॅममध्येच असणार. म्हणजे २००८ च्या प्रयोगाकडे आपण पुन्हा येऊन पोहोचतो. त्यावरही उत्तरे निघाली. टेल्स नावाची एक संगणकप्रणाली २००९ पासून उपलब्ध आहे. तिच्या पूर्ण नावातच 'स्मृतिभ्रंश झालेली' या अर्थाचे विशेषण असून, बंद होताना ती रॅमवर मुद्दाम नवे लिहून जुने पुसून टाकते. २०१७ पासून काही प्रोसेसर रॅममधील मजकूरही कूटबद्ध करू लागले. विस्मरण आपोआप घडत नाही, ते घडवून आणावे लागते, ही जाणीव अखेर रचनेत उतरू लागली, असे यावरून म्हणता येईल.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि साहित्याच्या अभ्यासकांकडून तो यायलाच हवा. सारे नीट पुसले गेले तर उद्याच्या संशोधकाने काय वाचावे? १९९२ साली विल्यम गिब्सन याची 'अग्रिपा' ही कविता फ्लॉपीवर प्रसिद्ध झाली. ती एकदाच वाचता येई आणि वाचून होताच स्वतःला कूटबद्ध करून घेई. कवितेचा विषय होता वडिलांच्या आठवणी. विसरण्यासाठीच रचलेला हा मजकूर त्याच वर्षी जाहीर वाचनाच्या वेळी चोरून चित्रित झाला, उतरवला गेला आणि सर्वत्र पसरला. मॅथ्यू किर्शेनबॉम यांनी 'मेकॅनिझम्स' या आपल्या २००८ च्या पुस्तकात या प्रकरणाचा साक्षेपाने शोध घेतला आहे. सलमान रश्दी यांची कागदपत्रे एमरी विद्यापीठाने २००६ साली मिळवली, तेव्हा त्यांसोबत त्यांचे जुने संगणकही आले. २०१० च्या प्रदर्शनात त्यांपैकी एका यंत्राचा पडदा वाचकांना जसाच्या तसा पाहता आला. चोराला जे सापडू नये असे आपण म्हणतो तेच पाठचिकित्सकाला सापडावे असेही आपल्याला वाटते. दोघांच्या हाती साधने एकच आहेत.

आमच्या मते या आक्षेपाचे उत्तर संमतीत आहे. रश्दी यांनी आपली यंत्रे स्वेच्छेने दिली. १५८ डिस्कच्या मूळ मालकांनी आपली पत्रे कोणाला दिली नव्हती. त्यांना ती गेली असे वाटत होते. काय राहावे आणि काय जावे हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि ठरवल्यावर यंत्राने ते पाळावे, एवढीच ही मागणी आहे. युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने आणि भारतीय संसदेने २०२३ साली संमत केलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने आपली माहिती पुसून घेण्याचा अधिकार शब्दांत मान्य केला आहे. तो अधिकार पाळायचा तर 'पुसले' या क्रियापदाचा नेमका अर्थ काय, हे आधी ठरले पाहिजे. वर सांगितलेला सारा इतिहास त्या एका क्रियापदाचा आहे.

हा प्रश्न आपल्या विभागांपासून दूर नाही. महाविद्यालयांतील संगणकांवर विद्यार्थ्यांचे गुण असतात, अप्रकाशित प्रबंध असतात, शिफारसपत्रे आणि तक्रारअर्ज असतात, कोणाच्या तरी कवितांचे पहिले खर्डेही असतात. यंत्रे जुनी झाली की त्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरातून काढतात आणि यंत्रे भंगाराच्या लिलावात जातात. या क्रियेला आपल्या कार्यालयीन मराठीत एक सुरेख शब्द आहे: निर्लेखन. लिहिलेले खरवडून काढणे, असा त्याचा शब्दशः अर्थ. प्रत्यक्षात खरवडली जाते ती केवळ रजिस्टरातली एक ओळ. यंत्राच्या पोटातले सारे लेखन अबाधित राहून तराजूत वजनाने विकले जाते. निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही करणाऱ्या प्राध्यापकांनी त्या कागदावर आणखी एक रकाना आखून घ्यावा: डिस्क काढली काय, ती मुळात कूटबद्ध होती काय, नसल्यास फोडली काय. शब्दाला त्याचा अर्थ परत मिळवून देणे हे आपलेच काम आहे, आणि येथे तरी ते एका रकान्याने होण्याजोगे आहे.